वैमानिकाचा कॅमेरा : रोस्टर, झोप आणि भरती-ओहोटी सांभाळून फोटोग्राफी

नवी मुंबईत २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उतरू लागली आणि खारघर, सीवूड्स, उलवे इथे राहणाऱ्या वैमानिकांची संख्या वाढणार हे उघड आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला तर अशी घरं आधीपासूनच आहेत. यातल्या अनेकांकडे चांगला कॅमेरा असतो आणि तो कपाटात पडून असतो. कारण विचारलं तर एकच उत्तर मिळतं, वेळ नाही. खरं तर वेळ बऱ्यापैकी असतो, पण तो वेडावाकडा येतो. मंगळवारी दुपारी मोकळे, रविवारी पहाटे कामावर. सोमवार ते शुक्रवार नोकरी करणाऱ्यांसाठी लिहिलेले सल्ले इथे चालत नाहीत. हा लेख खास या वेड्यावाकड्या वेळेसाठी आहे.

आधी पुढचं रिपोर्टिंग बघा

रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, हातात आलं की बहुतेक जण ऑफ शोधतात आणि त्यावर फोटोग्राफीची खूण करतात. इथेच चूक होते. फोटोची वेळ ठरवायची ती त्या ऑफनंतरच्या रिपोर्टिंगवरून, म्हणजे कामावर हजर व्हायच्या वेळेवरून.

पुढची ड्यूटी पहाटेची असेल, तर आदल्या दिवशीचा सकाळचा शूट तुमच्या फायद्याचा आहे. साडेपाचला उठून खाडीवर गेलात, नऊला घरी आलात, दुपारी झोपला नाहीत, तर संध्याकाळी साडेसात-आठला झोप आपोआप येते. उलट त्या संध्याकाळी सूर्यास्त टिपायला गेलात तर घरी यायला आठ, फोटो बघण्यात दहा आणि पिकअप पावणेतीनला. म्हणजे चार तासांच्या झोपेवर पहिलं लँडिंग.

पुढची ड्यूटी रात्रीची असेल तर सगळं उलटं. त्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत झोपायचं, दुपारी पुन्हा दीड तास आडवं व्हायचं आणि कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. त्याच्या आदल्या दिवशी मात्र संध्याकाळचा शूट बिनधास्त करा, कारण उशिरा झोपून उशिरा उठणं रात्रपाळीला पोषकच ठरतं.

थोडक्यात, पहाटेच्या ड्यूटीआधी सकाळचा प्रकाश आणि रात्रीच्या ड्यूटीआधी आदल्या दिवशीचा संध्याकाळचा. हे एवढं पाळलं तर छंद झोपेतून वेळ चोरत नाही, उलट शरीराला पुढच्या वेळेकडे सरकवायला मदत करतो.

सर्वांत धोक्याचा शूट कोणता? रात्रीची फ्लाइट करून सहाला चॉक्स ऑन झाल्यावर, म्हणजे विमान जागेवर उभं राहिल्यावर, ‘आता उजाडतंयच, जाताना फ्लेमिंगो बघून जाऊ’ असं म्हणून केलेला. पहाटे दोन ते सहा हा शरीराच्या सर्वांत मंद अवस्थेचा काळ, तो तुम्ही कॉकपिटमध्ये जागून काढलेला असतो. त्यात सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की मेंदू दिवस सुरू झाल्याचं गृहीत धरतो आणि घरी गेल्यावर झोप तुटक लागते. वर गाडी पाम बीच रोडवर तुम्हीच चालवत असता. अशा सकाळी गडद गॉगल लावा, मागच्या सीटवर बसा आणि थेट घरी जा. पक्षी मे महिन्यापर्यंत आहेत.

वैमानिकांच्या ड्यूटीच्या नव्या नियमांनुसार साप्ताहिक विश्रांती सलग ४८ तासांची झाली आहे आणि तिच्यात दोन रात्री घरी मिळतात. या ४८ तासांत एकच शूट धरा. पहिली सकाळ झोपेची, मग घरच्यांची. घरात लहान मुलं असतील तर दुसरा शूट कधीच लादू नका. महिन्यात चार ठरलेले शूट झाले तर वर्षाकाठी जवळजवळ पन्नास होतात. हौशी फोटोग्राफरला एवढे कुठे मिळतात?

तिथीचा पाऊणपट

ठाण्याच्या खाडीवर फोटो काढायचे तर सूर्याइतकीच भरती महत्त्वाची. ओहोटीला चिखलपट्ट्या उघड्या पडतात, फ्लेमिंगो तिथे लांब पसरून खात असतात आणि काठावरून गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. भरतीचं पाणी चढलं की चिखल बुडतो आणि थवे सीवूड्स-नेरुळच्या पाणथळींकडे, म्हणजे टीएस चाणक्य, एनआरआय संकुलामागचा भाग आणि डीपीएस तलावाकडे येतात. म्हणून काठावरून टिपायचं तर भरतीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास.

रोस्टर आल्या आल्या भरतीचा अंदाज हवा असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. चेंदणी कोळीवाड्यापासून दिवाळे गावापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेला हिशोब आहे : तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा, आलेले तास म्हणजे भरतीची वेळ. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. एक भरती पहाटे पावणेचारला, दुसरी साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी, म्हणजे संध्याकाळी चारच्या पुढे. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडी जसजशी आत जाते तसं पाणी थोडं उशिरा चढतं. त्यामुळे महिन्याचं नियोजन तिथीवर करा, नक्की वेळ मात्र आदल्या रात्री भरतीच्या तक्त्यावरून घ्या.

यातून निघणारा निष्कर्ष नवी मुंबईकरासाठी सोन्यासारखा आहे. खाडी आपल्या पश्चिमेला. पाम बीच रोडकडे पाठ करून उभे राहिलात तर सकाळचं ऊन पाठीमागून येतं आणि पक्ष्यांचा रंग खुलतो, संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि नुसत्या काळ्या आकृती मिळतात. म्हणजे रंगीत फोटो हवे तर नवमी, दशमी, एकादशी या सकाळी धरा. आकृत्या हव्या तर चतुर्थी ते सप्तमीच्या संध्याकाळी. पक्ष्यांचा मोसम नोव्हेंबर ते मे. या सात महिन्यांतल्या नवमी-दशमी-एकादशी रोस्टरवर लाल पेनाने गोल करून ठेवा आणि शक्य असेल तिथे ऑफची मागणी त्यानुसार टाका.

उदाहरण घ्या. बुधवारी संध्याकाळी सातला ड्यूटी संपली, पुढचं रिपोर्टिंग शनिवारी पहाटे साडेचार. शुक्रवारी दशमी, जानेवारी महिना. सूर्योदय सव्वासातच्या आसपास, भरती साडेसात. गुरुवार पूर्ण मोकळा. शुक्रवारी साडेसहाला जागेवर, सात ते नऊ शूट, साडेनऊला घरी पोहे. दुपारी बॅग भरणे, सातला जेवण, आठच्या आत दिवे बंद. या शूटने शनिवारच्या पहाटेची अर्धी तयारी करून दिली.

बोटीतून जायचं असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फेऱ्या निघतात, त्याही भरतीवरच ठरतात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली स्टेशन, पुढे रिक्षा. ही खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली, त्यामुळे काठावर वाटेल तिथे उतरता येत नाही. डीपीएस तलावाला निघण्याआधी तिथे पाणी आहे का याची चौकशी करा. पाणी आत येण्याचे मार्ग बुजले की तलाव कोरडा पडतो आणि पक्षी फिरकत नाहीत.

मेटार हे फोटोग्राफरचंही हत्यार आहे

इतर फोटोग्राफर ज्यासाठी तीन-तीन ॲप चाळतात ते तुम्हाला मेटारच्या, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालाच्या, एका ओळीत मिळतं. तीन गोष्टी वाचा.

पहिली, दृश्यमानता. हिवाळ्यात मुंबईची सकाळ धुरकट असते. दोन हजार मीटर दिसलं तर दूरचे थवे टिपण्याचा नाद सोडा. लेन्स कितीही महाग असो, मधली धूळ फोटोत येणारच. त्या दिवशी जवळचे पक्षी, बगळे, खारफुटीची मुळं, कोळ्यांच्या होड्या घ्या.

दुसरी, वारा. विमानाप्रमाणे पक्षीही वाऱ्याच्या तोंडावर उडतात. फ्लेमिंगोला तर उडण्याआधी पाण्यावर पाच-सात पावलं धावावं लागतं. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून खाडीकडे, म्हणजे पूर्वेकडून, हलका वारा असतो. थवा उठला तर तो पूर्वेकडे, म्हणजे तुमच्याच दिशेने उठतो, आणि ऊन तुमच्या पाठीशी असतं. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, मग तेच पक्षी पाठ दाखवून जातात. सकाळचा शूट श्रेष्ठ का, याचं हे दुसरं कारण.

तिसरी, दवबिंदू. मेटारमध्ये ३०/२६ (तापमान/दवबिंदू) लिहिलं असेल आणि तुमचा कॅमेरा २२ अंशाच्या एसी खोलीत रात्रभर होता, तर बाहेर काढताच लेन्सवर वाफ धरणार. कॅमेऱ्याचं तापमान दवबिंदूच्या खाली आहे, एवढं सरळ आहे. उपाय : खोलीत असतानाच कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा, पिशवीसकट बाहेर न्या, अर्धा-पाऊण तास थांबा, मग उघडा. पाणी पिशवीच्या बाहेर धरतं, काचेवर नाही. कापडाने पुसत बसलात तर पुन्हा धरतं आणि ओलावा आत जातो तो वेगळाच.

सेटिंगचं थोडक्यात. उभ्या पक्ष्याला १/५०० सेकंद, उडत्याला १/२०००, ॲपर्चर एफ/६.३ ते एफ/८, आयएसओ ऑटो पण कमाल ३२००. काळ्या चिखलावरचा पांढरा-गुलाबी पक्षी कॅमेरा भगभगीत करून टाकतो, तिथे एक्स्पोजर -०.७ करा. तोच पक्षी उजळ आकाशात गेला की काळपट पडतो, तिथे +०.७. थव्यातल्या माना एकाच वेळी ताठ वर झाल्या तर तुम्ही फार जवळ गेला आहात, तिथूनच मागे फिरा.

बॅग

क्रू बॅगेत कॅमेऱ्याला मिळते ती जागा एका जाड पुस्तकाएवढी. लेओव्हरसाठी, म्हणजे ड्यूटीतल्या परगावच्या मुक्कामासाठी, एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरची) मिररलेस बॉडी आणि ३५ मिमीची छोटी प्राइम (झूम नसलेली) लेन्स, दोन्ही मिळून पाऊण किलोच्या आत, बस्स. पक्ष्यांची लेन्स घरीच राहू द्या. तीही ७०-३५० मिमीच्या वर्गातली, साडेसहाशे ग्रॅमच्या आसपासची घ्या. एपीएस-सीवर ती ५२५ मिमीचं काम देते आणि हातात धरून चालवता येते. २००-६०० सारखी दोन किलोची लेन्स सुंदर फोटो देते, पण तिच्यासाठी ट्रायपॉड, गाडी आणि बळकट पाठ लागते. या तिन्ही गोष्टी नसतील तर ती लेन्स कपाटातच राहते.

सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच, टोकांना टेप लावून किंवा प्लास्टिकच्या डबीत. कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १६ वॉट-तासांची असते, १०० च्या मर्यादेपासून खूप दूर, पण सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत जाता कामा नये हा नियम सगळ्यांना सारखाच.

परदेशी लेओव्हरला भारी उपकरण नेत असाल तर निघताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. नाहीतर परतताना तो कॅमेरा तुमचाच होता हे सिद्ध करत बसावं लागतं. क्रूला सामानाची सवलत साध्या प्रवाशापेक्षा फारच कमी असते, त्यामुळे ‘तिकडे स्वस्त मिळते म्हणून लेन्स आणतो’ हा विचार मनातून काढा.

कॉकपिट, खिडकी आणि नियम

ड्यूटीवर कॅमेरा बॅगेतच. ढगांवर पडलेली पहिली किरणं कॉकपिटच्या काचेतून दिसतात तशी कुठूनच दिसत नाहीत, हे मान्य. तरीही कंपनीचं ऑपरेशन्स मॅन्युअल वाचल्याशिवाय आणि लेखी परवानगीशिवाय एकही फोटो नको. दहा हजार फुटांखाली तर कामाव्यतिरिक्त बोलणंही बंद असतं. नोकरी एका फोटोने जाऊ शकते, आणि तो फोटो समाजमाध्यमांवर गेला की मागे घेता येत नाही. एअरसाइडचा, म्हणजे विमानतळाच्या आतल्या भागाचा, पास हा कामाचा पास आहे, एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) सेल्फी काढायचा परवाना नव्हे. पुणे, दाबोळी, श्रीनगर, लेह, चंदीगड, जोधपूर ही संरक्षण दलांशी जोडलेली विमानतळं आहेत, तिथे प्रवासी म्हणून बसला असलात तरी लेन्स बंद.

आकाशातून फोटो काढायची खरी संधी सुटीवर प्रवासी म्हणून जाता तेव्हा. पंखाच्या पुढची जागा घ्या, कारण पंखामागे इंजिनाच्या गरम झोतात सगळं थरथरतं. सूर्याच्या विरुद्ध बाजू निवडा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, खिडकीच्या ॲक्रिलिकमधून तो इंद्रधनुष्याचे पट्टे दाखवतो. रबरी हूड काचेजवळ आणा पण टेकवू नका, टेकवलं की कंपन थेट कॅमेऱ्यात उतरतं. काळा रुमाल भोवती धरला तर आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब जातं. १/१००० सेकंद, एफ/५.६.

मुंबईला २७ धावपट्टीवर उतरताना विमान कोपरखैरणेच्या आसपास खाडी ओलांडतं. डावीकडे वाशीचे पूल, उजवीकडे घणसोली-ऐरोली. ओहोटी असेल तर चिखलातले वळणदार ओहोळ झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले दिसतात. हे दृश्य जेमतेम अर्धा मिनिट टिकतं, म्हणून फोकस आधीच अनंतावर लावून ऑटोफोकस बंद करा.

हीच विमानं जमिनीवरून टिपायची तर वाशीचं मिनी सीशोर किंवा सागर विहार. तीन अंशांच्या उतारावर खाडी ओलांडताना विमान साधारण दोन हजार फुटांवर असतं आणि १४० नॉटच्या वेगाने ३० सेकंदांत दोन किलोमीटरची प्रकाशरेषा काढतं. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८, ३० सेकंद, असे वीस-पंचवीस फोटो सलग घेऊन संगणकावर एकत्र करा. संध्याकाळी आठ ते दहा हा घरच्यांना बरोबर घेऊन जाण्यासारखा शूट आहे, भेळ खात खात होतो.

ड्रोन? दोन विमानतळांच्या मधोमध राहता तुम्ही. ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर आपला पिनकोड कुठल्या रंगात येतो ते बघा आणि बहुधा तिथेच विषय संपेल.

लेओव्हर

क्रम बदलू नका : हॉटेल, झोप, जेवण, मग कॅमेरा. दोन तास, हॉटेलपासून चालत दोन किलोमीटरच्या आत, आणि परतायची वेळ आधीच ठरलेली. अनोळखी शहरात ‘अजून एक गल्ली’ म्हणत विश्रांतीचे तास गळतात. यूएईसारख्या देशांत लोकांचे त्यांच्या संमतीविना काढलेले फोटो हा गुन्हा ठरू शकतो, तिथे इमारती आणि प्रकाश यांवर समाधान माना.

कॅमेऱ्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवा. लॉगबुकही यूटीसीतच असतं, त्यामुळे पुढे दोन वर्षांनी ‘हा फोटो कुठल्या फ्लाइटनंतरचा’ हे क्षणात जुळतं आणि देशोदेशीच्या वेळांचा गोंधळ होत नाही. रोज रात्री कार्डावरून छोट्या एसएसडीवर प्रत, घरी आल्यावर दुसऱ्या डिस्कवर, आणि निवडक फोटो क्लाउडवर. कार्ड पुसायचं ते दोन प्रती झाल्यावरच.

स्टँडबायचे दिवस यासाठीच राखून ठेवा. फोन वाजला तर निघायचं असतं, म्हणून बाहेर जाता येत नाही, पण निवड, एडिटिंग, बाल्कनीतला शिंजीर आणि कुंडीतले कोळी एवढं भरपूर आहे.

पावसाळा आणि बुरशी

जून ते सप्टेंबर खाडीवर काही नाही, पण येऊरच्या पायथ्याशी मॅक्रोचा हंगाम असतो : बेडूक, जायंट वूड स्पायडर, ब्लू मॉरमॉन फुलपाखरू. सूर्य लागत नाही, भरती लागत नाही, दुपारी अकरालाही चालतं. खारघरच्या पांडवकड्याला मात्र जाऊ नका. पावसाळ्यात तिथे बंदी असते ती माणसं वाहून गेल्यामुळे. शिवाय निसरड्या खडकावर घोटा मोडला तर इतरांची आठवड्याची रजा जाते, तुमचं मेडिकल, म्हणजे उड्डाणासाठीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, काही महिने जातं.

हीच काळजी डासांच्या बाबतीत. खारफुटीत डास कडकडून चावतात, मग अंग खाजतं म्हणून कोणी सेट्रिझिनची गोळी घेतो आणि दुसऱ्या दिवशी झोपाळलेल्या डोळ्यांनी रिपोर्ट करतो. अशी गोळी घेतली तर उड्डाणाआधी कंपनीच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. डासांच्या मलमात डीट (डास पळवणारं रसायन) असेल तर तळवे पुसूनच कॅमेरा धरा, डीटने कॅमेऱ्याचं रबर आणि प्लास्टिक चिकट होऊन विरघळतं.

चार दिवसांच्या फेरीवर निघालात आणि लेन्स बंद कपाटात राहिली, तर ऑगस्टमध्ये काचेत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात. ड्राय कॅबिनेट घेणं परवडत असेल तर ४५ टक्के आर्द्रतेवर लावून ठेवा. नसेल तर घट्ट झाकणाचा दहा लिटरचा डबा, तळाशी पाव किलो निळं सिलिका जेल कापडी पिशवीत, आणि आत एक छोटा हायग्रोमीटर. जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास तापवा, पुन्हा निळं होतं. आकडा ६० च्या वर गेला की लगेच जेल बदला आणि ३५ च्या खाली जाऊ देऊ नका, रबर आणि वंगण सुकतं. लेन्स चामड्याच्या पाऊचमध्ये घालून डब्यात ठेवणं ही नेहमीची चूक आहे, चामडं ओलावा धरून ठेवतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. लांब फेरीवर निघण्याच्या आदल्या दिवशी डब्यातला आकडा बघण्याचं काम बॅग भरण्याच्या यादीतच लिहून टाका, पासपोर्ट आणि लायसन्सच्या खाली.